नऊ नंबर

भुसावळच्या बाजारात बायकांच्या बुटांचे नंबर
सातावर संपायचे.
मला माहीत असणारच, विकायचो मीच,
स्टेशनसमोरच्या बोळात, दहा बाय सोळाच्या दुकानात.

हेमांगी फिरके पहिल्यांदा आली
तेव्हा तेरा वर्षांची होती
आणि दारात वाकली.
मागे आई, पदर तोंडाशी.
नऊ नंबर, पोरगी म्हणाली.
मी पुरुषांचे काढले, काळे, जड.
टाच सैल पडली, तिथं आईनं चिंधी कोंबली.

सावद्याला म्हणायचे,
घड उतरवायला हिला शिडी लागत नाही.
"एवढी उंच, कोन करीन व तुले?" चुलती विचारायची
आणि ही घड खांद्यावर घेऊन
ट्रकपर्यंत चालत जायची.

रेल्वेच्या मैदानावर डांबरी कोर्ट होतं.
एका रिंगला जाळी, दुसरीला नुसतं लोखंड.
ही लोखंडाची बाजू मागून घ्यायची.
जाळी नसली की चेंडू आतून गेला की बाहेरून
यावर भांडण होतं, म्हणायची,
म्हणून असा टाकायचा की भांडायला जागाच नको.

पुढचं पेपरात आलं. रेल्वेची नोकरी, देशाचा संघ,
मग तैवानात दोन सीझन, पैसे घेऊन खेळायचं.
मी कात्रणं काउंटरच्या काचेखाली सरकवली.
गिऱ्हाईक तिच्या तोंडावरच सुटे मोजायचं.

पेपरात न आलेलं असं,
की डाव्या गुडघ्यातून दोनदा पाणी काढलं,
आणि एका रात्री तिनं फोन लावला तो मला,
चपलांच्या दुकानदाराला,
विचारायला, की थंडी पडली का काका,
बामणोदची वांगी आली का भरिताची.

एकतिसाव्या वर्षी परतली.
लंगडत नव्हती, फक्त पायरी आली की हात कठडा शोधायचा.
सत्कार झाला. शाल तिला अर्धीच पुरली.
अकादमी काढेल, गेटवर नाव लावेल,
असं सगळे परस्पर ठरवून मोकळे झाले.

ती आली मे महिन्यात, भर दुपारी,
शटर मी अर्धं ओढलेलं.
आठ, नऊ, दहा, अकरा, म्हणाली. बायकांचे.
प्रत्येकी बारा जोड.
कंपनी बनवतच नाही गं, मी म्हटलं.
कुणी मागितले नसतील, ती म्हणाली,
आणि पैसे काचेवर ठेवले, स्वतःच्याच कात्रणावर.

तेव्हापासून गल्ल्याशेजारी ही पत्र्याची पेटी.
पोरीनं यायचं, रजिस्टरात नाव लिहायचं, जोड न्यायचा.
भाडं नाही. फोटो नाही.
कोर्टावरचे दिवेही तिचेच, कारण उन्हाळ्यात
डांबर रात्री आठपर्यंत पाय भाजतं.
लाइट बिल भरायला स्वतः जाते.
नाव सांगत नाही कुणाला,
पण रांगेत उंची कुठं लपवणार?

यावलकडची शबनूर तडवी, दहा नंबर,
पावसाळ्यात नेले ते दिवाळीनंतर आणले.
तळ झिजलेला, वर केळीच्या चिकाचे काळे डाग.
भाऊ घालून बागेत जायचा,
ती जमिनीकडं बघत म्हणाली.

मी रॉकेल लावलं. लिंबू चोळलं.
चीक जात नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल,
तरी मी चोळत राहिलो, कारण मला राग आला होता.

हेमांगी बाकावर बसलेली, गुडघ्यावर बर्फाची पिशवी.
बूट माझ्या हातातून घेतला,
उलटा केला, नखानं माती खरवडली.
मला वाटलं, आता नियम सांगेल.

भावाचा नंबर किती, तिनं विचारलं.

रजिस्टरात नवा रकाना आखायला घेतला मी.
पट्टी सापडेना.
वाकडाच आला.