विरजण

एक्स-रे आता संगणकावर दिसतात,
म्हणून दुधी काचेची ती जुनी प्रकाशपेटी
दवाखान्यानं भंगारात काढली.
मी शंभर रुपये भरून पावती घेतली
आणि स्कूटरवर पायांत उभी धरून
उभादांड्यापर्यंत आणली.

आता ती स्वयंपाकघरात, फडताळाखाली.
जिथे फुप्फुसं टांगायचो
तिथे सोड्याच्या पाच बाटल्या.
बाटल्यांत पाणी. पाण्यात, म्हणे, जीव.
दिसत काही नाही. फक्त रंग.

पहिल्या दिवशी तांदळाच्या धुवणासारखा,
तिसऱ्या दिवशी कुणी त्यात पोपटी बोट
बुडवून काढल्यासारखा,
आठव्या दिवशी बाटलीमागे आपलं बोट धरावं
आणि ते दिसू नये.
मग अर्धं काढायचं, अर्धं ठेवायचं,
ठेवलेल्यात नवं पाणी,
खताचे थेंब मोजून.

समुद्र घरापासून साडेतीनशे पावलांवर.
तरी पाणी बंदरावरून, दीपगृहाच्या खालून,
भरती पुरती चढल्यावर, कॅनमधून.
मांजरपाटातून गाळायचं, उकळायचं, झाकून निववायचं,
खारटपणा काचेच्या नळीनं मोजायचा.
"दर्यो दारात आसा, नि हेंचो समुद्र टोपात शिजता,"
शेवंती गिरप म्हणाली, पाटी उतरवता उतरवता.
खरं आहे.
बाकी सगळं मेल्याशिवाय
हवं ते एकटं वाढत नाही.

आणि हे कुणासाठी, तर
बाहेरच्या खोलीतल्या चार फुटी टाकीसाठी:
मोचेमाडच्या खाडीतला एक दगड,
त्यावर सात कालवं,
जी कोयत्यानं फोडून तव्यावर जायची होती,
आणि नळीत राहणारा एक किडा, डोक्यावर पिसारा.

पहाटे पंप बंद करून वाटीभर हिरवं ओततो.
टाकी धुकटते.
पिसारा उघडतो. कालवं
नखाएवढी फट करतात. बस्स.
तासाभरात पाणी निवळतं.
खाताना कुणी दिसत नाही,
जेवण मात्र संपलेलं असतं.

सव्वीस वर्षं माणसांना सांगत आलो:
श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका. सोडा.
बाटल्यांना सांगावं लागत नाही.
त्यांचे बुडबुडे रात्रभर चालू,
मी झोपेतही ऐकतो,
आणि थांबले की जागा होतो.

ऑगस्टात वादळानं खांब पाडले.
तीन दिवस वीज नाही.
दर दोन तासांनी उठून बाटल्या हातानं हलवल्या,
खोकल्याचं औषध हलवतात तशा.
चौथ्या दिवशी पेटी उजळली
आणि पाचही बाटल्यांतून पलीकडचं आरपार दिसलं.
तळाशी मेंदीसारखा गाळ. वास
नासक्या खोबऱ्याचा.
मी बराच वेळ बघत बसलो,
वाईट फिल्म आली की
नातेवाईकांना आत बोलावण्याआधी बसायचो तसा.

दुपारी मागच्या दारानं फिलोमिना आली.
हातात लोणच्याची बरणी.
जुलैत तिला थोडं दिलं होतं,
तिच्या नातवाला गंमत म्हणून.
पंप नाही, खत नाही. खिडकीत ठेवलेलं.
पोरगा येता-जाता बरणी हलवायचा.
निम्मं तिनं अँथुरियमला घातलं.
"तुमचा ता हिरवा पाणी जिता आसा हां अजून.
विरजणाक व्हया तर घेवा."

मी बरणी पेटीसमोर धरली.
फिकट. एका कडेला लोणच्याचा जुना डाग.
पण हिरवी.

नवी बाटली धुतली. वाटीभर विरजण घातलं.
कालवं मिटलेली; आठवडाभर
त्यांना कळ काढावी लागेल.
दवाखान्यातल्या चिकटपट्ट्या अजून उरल्यात,
एक काढून बाटलीवर लावली,
रकाने भरले:

नाव: फिलोमिना.
वय: एक दिवस.
बाजू: डावी, खिडकीकडची.