ठरलेल्या किमतीत

आमच्याकडे शर्यत झेंड्यापाशी संपत नाही,
माझ्या टेबलापाशी संपते.
टेबलावर पत्र्याचा डबा, मुळात कॉफीचा, आत चिठ्ठ्या.
नियम एवढाच: इथे धावलेली कुठलीही गाडी
ठरलेल्या किमतीत कोणीही मागावी
आणि मालकाने नाही म्हणू नये.
म्हणून कोणी गाडीत सोनं ओतत नाही.
ओतलंच, तर ते शेजाऱ्याच्या अंगणात जातं.

मी दुसऱ्या शर्यतीही पाहिल्यात.
तरुणपणी जंगलातल्या रॅलीत
बर्चच्या खोडांआड घड्याळ घेऊन बसायचो.
आधी आवाज यायचा, मग खडे, मग गाडी;
चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेला माणूस
पोथी वाचावी तसा एका सुरात वही वाचत असायचा:
डावं चार, उंचवटा, आत कापू नको.

बंद पडलेल्या धावपट्टीवर
त्या लांबनाक्या गाड्या पाहिल्या, पाव मैल सरळ.
जांभईला तोंड उघडावं
तर मिटायच्या आत पॅराशूट फुललेलं.

टीव्हीवरच्या फॉर्म्युला गाड्यांबद्दल मी बोलत नाही.
त्यांच्या नुसत्या स्टिअरिंगमध्ये माझं घर येईल,
सॉनासकट.

तर इल्ता हुओविला. वय सतरा.
डॅटसन माझ्या लग्नाच्या वर्षातली,
कोंबड्यांच्या खुराड्यामागे सापडलेली.
काचेच्या जागी जाळी,
आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, तिनेच वेल्ड केलेला.
तपासायचं काम माझं.
रेघा वाकड्या होत्या, कच्ची एकही नव्हती.
दारावर ब्रशने रंगवलेला एक्केचाळीस,
त्यातला एक जरा कललेला,
वाऱ्याला पाठ दिल्यासारखा.

खडीच्या जुन्या खाणीत आमचा ट्रॅक.
अंतिम फेरीत सहा जण.
व्होल्वोवाल्या यालमारीने पहिल्याच वळणावर माती खाल्ली,
खरोखरची, दातांत आली म्हणे.
धूळ बसली तेव्हा
एक्केचाळीस सगळ्यांच्या पुढे होती
आणि मागचा बंपर तिच्या मागे दोरीसारखा फरफटत होता.

तिच्या गाडीवर नऊ चिठ्ठ्या.
हेल्मेट काखेत धरून ती उभी राहिली.
मी डबा हलवला. जास्तच हलवला.
नाव निघालं यालमारीचं.

तिने पैसे दोनदा मोजले.
मग त्याला गाडीपाशी नेलं, म्हणाली,
तिसरा गियर ढकलू नकोस.
क्लच दाब, थांब, श्वास घे.
तो आपणहून येतो.
हे सांगायचं बंधन नियमात कुठेही नाही.

आणि मग माझ्यासमोर येऊन
स्वतःची एक चिठ्ठी टाकली:
पहिल्याच फेरीत धूर सोडून बसलेली निळी लाडा.
तिच्यावर दुसरं कोणाचंच नाव नव्हतं.
तरी मी डबा हलवला. नियम तो नियम.
ही का, मी विचारलं.
हिचं दुखणं मला ऐकू आलंय, ती म्हणाली.

फेब्रुवारी. तळं हातभर गोठलेलं,
बर्फावर नांगरून काढलेलं कडं,
टायरांना खिळे, उणे एकोणीस.
निळी लाडा आपल्या पाळीची वाट पाहत उभी,
मी खिडकीतून वाकून इल्ताचा पट्टा तपासत होतो.
तिकडे एक्केचाळीस वळणाला भिडली,
एक अजून कललेलाच.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
उभ्या गाडीत तिचा डावा पाय खाली गेला,
थांबला.
आता, ती म्हणाली, ओठांतल्या ओठांत.
आणि तळ्याच्या पलीकडे
इंजिनाचा सूर एक पायरी उतरून स्थिर झाला.

मी पट्टा पुन्हा ओढून पाहिला.
घट्ट होता.