छाट

गळ्यातल्या बॅजवर माझं आडनाव चुकलंय:
येमूलचं एमोल झालंय.
नोंदणीच्या टेबलावरची पोरगी म्हणाली,
सॉरी मॅडम, सिस्टिमनं घेतलं नाही.
मी म्हटलं, राहू दे.
सिस्टिम काय घेते आणि काय नाही
हे वीस वर्षं बघत आलेय.

होटगी रोडवरच्या कॉलेजचा हॉल.
बाहेर एप्रिल, बेचाळीस डिग्री,
आत एसी असा की ओढणी कानावर घ्यावी.
पोरं लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली,
आमच्या गल्लीत बाया सूप घेऊन बसतात तशी,
मान तशीच खाली, बोटं तशीच न थांबणारी.
फक्त इथं कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

स्टेजवर निखिलेश हिप्परगी,
मूळचा बाळीवेशीतला, आता बेंगळुरूचा.
कोड लिहायचे दिवस संपले, म्हणाला.
आता नुसतं सांगायचं.
आणि त्यानं सांगितलं, साध्या मराठीत,
आपल्या गावचं उदाहरण म्हणून, कौतुकानं:
बिडी कामगारांच्या मजुरीचा हिशोब लिही.

पडद्यावर ओळी धावल्या,
कुणाचं बोट न लागता.
हजाराचा दर, आणलेल्या बिड्या, वजा छाट...
माझ्या तीन महिन्यांच्या रात्री
अकरा सेकंदांत.
खोटं कशाला सांगू, टाळ्या मीही वाजवल्या.

मग सातवी ओळ.
भागिले हजार, आणि उत्तर पूर्णांकात.
दशांशचिन्हापुढचं सगळं उडवलेलं,
पानाची कड कात्रीनं उडवावी तसं.

ती ओळ माझी आहे.
म्हणजे तशी कुणीही लिहील,
पण दोन हजार पाच साली
अशोक चौकामागच्या कारखान्यासाठी
ती मी लिहिली होती,
आणि हिरव्या अक्षरांच्या त्या पडद्यापुढं
शेठनी नारळ फोडला होता.

नरसम्माला सही येत नव्हती.
पगाराच्या खिडकीशी उभी राहून
अंगठ्यानं पेरं मोजत म्हणाली,
लेक्का तप्पु.
हिशोब चुकलाय.
मुकादम म्हणाला, मशीन चुकतंय होय अक्का?
मी आत बसले होते. हसले.
हे इथं लिहायला नको होतं, पण हसले.

ती रोज यायची. रोज तेच.
अर्धा रुपया. अर्धा रुपया कुठंय?
अकराव्या दिवशी मी कागद घेऊन
कारखान्याच्या पायरीवर तिच्याजवळ बसले.
तंबाखूच्या धुळीनं शिंका येत होत्या.
अर्धा रुपया नव्हता तो.
सत्तेचाळीस पैसे होते.
गुणिले दोनशे बाया. गुणिले चौदा महिने.
बिड्यांची छाट निदान डोळ्यांसमोर
टोपलीत पडते.

एनी क्वेश्चन्स?
माईक पुढच्या रांगेतच फिरत होता.
मी उभी राहिले. आवाज तसाच पोचवला,
गिरणीच्या भोंग्यावर बोलायची सवय आहे आमच्या घरात:
सातव्या ओळीत पैसे गळतायत.
त्यानं ओळ वाचली. परत वाचली.
मग भला मुलगा, मान्य केलं,
आणि मशीनला तेच सांगितलं.

मशीन म्हणालं, तुमचं बरोबर आहे, माफ करा.
ओळ दुरुस्त झाली.
परत टाळ्या.
मला हे म्हणायला अकरा दिवस लागले होते,
आणि माफ करा तर
मी म्हणालेच नव्हते.
नुसती नवी फ्लॉपी नेऊन घातली होती, संध्याकाळी,
नरसम्मा घरी गेल्यावर.

जेवणात कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि पिझ्झाही.
ती नोंदणीवरची पोरगी ताट घेऊन आली,
मॅडम, तुम्हाला दिसलं कसं ते?
दिसलं नाही गं, म्हटलं.
आणि पुढं काय सांगावं कळेना,
म्हणून तिला चटणी वाढली.

घरी जाताना रिक्षा ऐंशीला ठरली.
शंभर दिले.
सुट्टे नाहीत मॅडम, ऱ्हाऊ द्या की.
पानटपरी समोरच होती.
मी उतरले नाही.