लाभ, दोन, तीन

उदगीरच्या मोंढ्यात, हुडगे आडतीच्या माडीवर
माझं ऑफिस: एक टेबल, दोन मॉनिटर
आणि खिडकीतून येणारी तुरीची धूळ,
जी कीबोर्डच्या फटीत जाऊन बसते.
स्पेसबार आता दाणा चावल्यासारखा वाजतो.

पुण्याहून रेवती रोज साडेदहाला विचारते,
काल काय केलं, आज काय करणार, अडलंय का कुठं.
अडलेलं असतंच.
दिवाळीत शिकलेली लायब्ररी संक्रांतीला जुनी झाली,
तिच्या दारावर पिवळी पाटी: वापरू नका.
मी पहिलीच्या पोरासारखा
नवी पाटी घेऊन बसलो.

या वेळी काम आवाजाचं.
मापाड्यानं पोती मोजत बोलायचं,
फोननं ऐकलेला आकडा न् आकडा जमा करायचा,
गाडी भरली की पावती आपोआप.
पडद्यावर गोल माईक,
बोललं की भोवती निळ्या लाटा.
दाखवताना फार छान दिसलं होतं.

आठवड्यात तक्रार आली. दर गाडीला एक पोतं कमी.
पन्नासची एकोणपन्नास, ऐंशीची एकोणऐंशी.
हमाल म्हणाले, आमच्या हजेरीतून कापतील.
हुडगे अण्णा चष्म्यावरून बघत एवढंच म्हणाले,
"तुमची मशीन पोतं खाऊलालीय का?"

मला वाटलं, ही आमची जुनीच खोड.
आमच्यात मोजणी शून्यापासून,
पहिल्याला शून्य म्हणायचं, दुसऱ्याला एक,
आणि शेवटी कुंपणापाशी कुणीतरी हमखास बाहेर राहतो.
तीन रात्री मी लूप उसवत बसलो.
लाईट गेली की फोनच्या नेटवर,
फोन संपला की वहीत, पेन्सिलीनं.
लूप निर्दोष होता.

मग खाली उतरलो.
चाळणीच्या घरघरीत, थप्पीला टेकून
विश्वंभरमामांचं मोजणं ऐकलं,
फाईल न उघडता, नुसत्या कानांनी, पहिल्यांदाच.
लाभ, म्हणाले मामा.
मग दोन. मग तीन.
एक म्हणालेच नाहीत.

"एक कामून म्हणत नाही, मामा?"
"एक म्हंजे एकटं, बापू. माल दारात आलाय,
पयलं नाव लाभाचंच घ्यावं."
पलीकडच्या काट्यावर मैनोद्दीनभाई: बरकत, दो, तीन.
"आणि शून्याला काय म्हणता?"
दोघांनी एकमेकांकडं बघितलं.
"रिकामं पोतं कोण मोजूलालंय?"

फोनला लाभ ऐकू येत होता.
आकडा नाही, म्हणून तो बाजूला टाकत होता
खोकला, शिट्टी, ट्रकचा हॉर्न यांच्या ढिगात.
लॉगमध्ये सापडले मला
दोनशे बारा लाभ, एक्याण्णव बरकती,
आणि सगळ्यांपुढं एकच शेरा: अर्थहीन आवाज.
हा शेरा मीच लिहिला होता,
घाईत, एका शुक्रवारी.

दोन ओळी घातल्या.
लाभ म्हणजे १.
बरकत म्हणजे १.
रेवतीनं विचारलं, हे काय? याला टेस्ट जोड.
जोडली. आवाज मामांचाच, मागं चाळणी चालू.
हिरवी खूण आली तेव्हा खिडकीतून ओरडून सांगितलं.
मामांनी हात हलवला.
माशी हाकलली असेल.

पाडव्यापर्यंत ही लायब्ररीही जाणार, सूचना आलीय.
पुन्हा सगळं नव्यानं.
रिकामी फाईल उघडून बसलोय,
डाव्या काठाला ओळीचा एकुलता आकडा,
कर्सर उघडमीट करतोय.
तो आकडा मला आता एक असा वाचता येत नाही.

खाली गाडी लागलीय.
खिडकी लावून घ्यावी, धूळ येईल,
पण पहिलं पोतं उतरेपर्यंत
राहू दे उघडी.