पाट्याला टाकी

मिरजेत दवाखान्यामागच्या गल्लीत
मी हाळी देत होते : पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ
हल्ली मिक्सरच ऐकतात.
एका म्हातारीनं तेवढा पाटा काढून दिला.

ठकठक ऐकून वसतिगृहातनं ती धावत आली,
नर्सिंगची पोर, न्याशा, झिंबाब्वेची,
टॉवेलात गुंडाळलेला वीतभर दगड घेऊन.
हिरवट काळा. मेण लावून उजळलेला.
एका अंगानं बाईचा गाल, मिटलेला डोळा,
दुसऱ्या अंगानं खाणीतनं निघाला तसाच,
खपलीसुद्धा काढलेली नाही.

आजोबानं घडवला, म्हणाली. ही त्याची आजी.
शोनात दगडाला दोंबो म्हणतात.
आम्ही धोंडा म्हणतो. शेजारचाच शब्द.

मला वाटलं, म्हातारा मधेच गेला असणार.
छिन्नी उचलली : नाक पुरं करते, वीस रुपये दे.
तिनं दोन्ही हात दगडावर ठेवले.
'पुरी आहे. बाकीची आत आहे.
आजोबानं हाक मारली,
तेवढीच आली बाहेर.'

छिन्नी पदराला पुसली, उगाच.

आमच्या पालामागं लिंबाखाली तांदळा आहे.
नाक नाही, डोळा नाही, नुसता शेंदूर.
जन्मभर मला त्याची लाज :
घरात सगळे दगडफोडे
आणि देवाला टाकी लावायला कुणाला सवड नाही!

बोटभर खोबरेल मागितलं तिच्याकडं.
गालाला नाही लावलं,
मागच्या खडबडीत अंगाला लावलं.

म्हातारी ओरडली, पाटा अर्धाच राहिलाय गं.