दोनशे बारा

बरबटीच्या वेलावर त्या दिसल्या
तेव्हा मीच म्हणालो, मारा.
काळ्या, खरबरीत, पाठीवर नारिंगी डाग,
तांदळाएवढ्या मगरी जशा.
इतकं कुरूप काही आपल्या बाजूचं असेल
हे माझ्या डोक्यातच आलं नाही.
आणि मी विज्ञान शिकवतो,
सहावी ते आठवी.

पन्नास अळ्यांना एक खोडरबर, असं ठरलं.
नयन कुमरेनं काड्यापेटी भरून आणली,
बाकीच्यांनी पळसाच्या पानावर.
व्हरांड्याच्या फरशीवर खडूनं रेघा ओढत
मी मोजल्या, पाच-पाचच्या जुड्या बांधून.
दोनशे बारा.
चार खोडरबर वाटले.
वरच्या बारा पुढच्या खेपेच्या हिशेबात धरल्या.

आमच्या परसबागेत बाटलीतलं औषध नाही.
तुराट्यांच्या कुंपणापलीकडे पऱ्हाटी,
संध्याकाळी वारा फिरला की तिकडचा उग्र वास
सातवीच्या खिडकीतून आत येतो, हजेरी दिल्यासारखा.
अलीकडे आम्ही
उन्हाळ्याच्या शेवटी वेचलेल्या निंबोळ्या कुटतो,
वेणूताईंच्या जुन्या लुगड्यात बांधून रात्रभर भिजवतो,
सकाळी ते दुधट पाणी
कडुनिंबाच्याच डहाळीनं वांग्यांवर शिंपडतो.
"ताक वाया घालवून राह्यले का, मास्तर?"
खिचडीच्या गंजावरून वेणूताई विचारतात.
मला त्याचा केवढा अभिमान होता.

आठ दिवसांत बरबटी काळवंडली.
मावा.
शेंड्याशेंड्यावर मोहरी चिकटवल्यासारखा,
आणि मुंगळे वेलावरून वर-खाली,
धारा काढायला निघालेल्या गवळ्यांसारखे.
निंबोळीचं पाणी दोनदा मारलं.
मावा दोन दिवस थांबला, मग पुन्हा बसला.
शेंगा करंगळीएवढ्या झाल्या आणि वाकड्या वळल्या.

तेव्हा आचल किनाके
खडूचा रिकामा डबा घेऊन टेबलाजवळ आली.
झाकणाला तिनं कर्कटकानं भोकं पाडली होती.
"सर, रागावू नका. एक म्या देली नव्हती."
"का?"
"थे खाऊन राह्यली होती. खाताना कोणाले कायले माराचं?"
रोज सकाळी ती माव्याची एक काडी आत ठेवायची.
अळीनं चार दिवस खाल्लं,
मग डब्याच्या भिंतीला शेपूट चिकटवून
वाळल्या मण्यासारखी गप्प झाली.

आज तो मणी उकलला होता.
बाजूला ढालकिडा,
बिनठिपक्याचा, ओल्या चणाडाळीसारखा पिवळा.
आम्ही सगळे डब्यावर वाकलो.
मधल्या सुट्टीत कुणी खेळायला गेलं नाही.
घंटा झाली तोवर
पाठीवर एक ठिपका आला, मग दुसरा,
कुणीतरी आतून शाई सोडावी तसे.

हा मित्रकिडा. पुस्तकात चित्र आहे त्याचं,
पान एकोणचाळीस, मोठ्या झालेल्याचं.
लहानपणीचं चित्र नाही.

दुसऱ्या दिवशी परिपाठात
सुविचाराच्या जागी मी सांगितलं
की सरांनी चूक केली, आणि किती.
पोरं ऐकत होती.
मागून कुणीतरी हसलं, आणि मला बरं वाटलं.
वर्गात गेलो तर टेबलावर तीन खोडरबर.
चौथा नयनचा, तो अर्धा झिजला होता.
त्यानं तो नुसता दाखवला
आणि पुन्हा दप्तरात टाकला.

वाकड्या शेंगांची भाजी वेणूताईंनी केलीच,
भेदरं आणि वरून मूठभर सांभार घालून.
"पोटात गेल्यावर सरळ होते," म्हणाल्या.

परवा केंद्रप्रमुख आले. बाग पाहिली,
वांग्यांना बरं म्हणाले.
मग बरबटीचं एक पान उलटून कपाळाला आठ्या.
"हा मावा कशाला ठेवलाय, सर?"
मी तोंड उघडणार तेवढ्यात
वाफ्यात उकिडवी बसलेली आचल
मान वर न करता बोलली,
"हात नका लावू, साहेब.
त्याइचं जेवण व्हाचं हाय अजून."
त्याच पानाखाली, कडेला,
पिवळी अंडी उभी होती,
दाटीवाटीनं.
ती अजून मी मोजलेली नाहीत.