लेटरहेड

निकालाच्या तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं
तर लेटरहेडची सव्वादोन रिमं शिल्लक.
विश्वंभरराव म्हणाले, खाजा, कागद जाड आहे,
फेकायचा कशाला, पेनानं 'माजी' लिही.
म्हणून बसलोय.
'विधानसभा सदस्य'च्या अलीकडं
करंगळीएवढीसुद्धा जागा नाही.
छापताना एवढ्या दोन अक्षरांची सोय
कुणी ठेवत नाही.
वर तीन सिंह आहेत, त्यांचं काय करायचं
ते ते बोलले नाहीत.

माझे वालिद याच कळमनुरीत कचेरीबाहेर अर्जनवीस.
निजामात उर्दूतून लिहायचे, पुढं मराठीतून.
म्हणायचे, बेटा, हुकूमत बदलते,
अर्जाचा सूर बदलत नाही.
मी टायपिंग शिकलो, एवढाच फरक.

पहिल्या खेपेला अपक्ष. चिन्ह शिवणयंत्र.
शिंपीगल्लीनं आपापली यंत्रं ओट्यावर मांडली,
पोरं दिवसभर पायटा मारायची,
कापड नाही, दोरा नाही, नुसता खडखडाट.
तेराशे अकरा मतांनी आले.
जीपच्या टपावरून मला हाक मारली, वर ये.
मी गेलो नाही.
आभाराचं पत्रक रात्रीच छापखान्यात द्यायचं होतं.

नांदेडहून देवगिरीनं मुंबई.
आमदार निवासाच्या खोलीत सतरा माणसं,
पलंगावर टाटाला आलेला सांडसचा म्हातारा,
आमदार दाराशी चटईवर, उशाला फायली.
हे मी डोळ्यांनी पाहिलंय,
पुढचं ऐकताना हेही लक्षात असू द्या.

पहिला तारांकित प्रश्न माझ्याच मशीनवरचा:
कयाधूवरील गव्हाणी येथील पुलाचे काम
अकरा वर्षे बंद आहे, हे खरे आहे काय?
छापील उत्तर आलं:
होय, हे खरे आहे.
नसल्यास, विलंबाची कारणे काय?
प्रश्न उद्भवत नाही.
ते पान त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवलं.
येईल त्याला दाखवायचे:
बघा, सरकारनं कबूल केलंय.

दुसऱ्या खेपेला पक्ष आला, कागदाला रंग आला.
तिसऱ्या खेपेला दहा महिने राज्यमंत्री,
खातं मत्स्यव्यवसाय.
तालुका पोट धरून हसला.
आमच्याकडं मासा दिसतो तो इसापूर धरणाचा,
तोही बुधवारच्या बाजारात.
पण दिव्याची गाडी आली, आणि गाडीमागं
शिफारस मागणाऱ्यांची रांग आली,
बदली, बोअर, बीएड, रॉकेलचा परवाना.
नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही.
मग आम्ही दोघांनी एक तोड काढली:
हिरव्या शाईची सही म्हणजे काम करा,
निळी म्हणजे पत्र ठेवून घ्या, माणूस चहा पाजून लावा.
मजकूर दोन्हींत तोच,
'सदर उमेदवार माझ्या परिचयाचा असून'.
साहेब लोकांना फोनवर मीच समजावून सांगितलं.

माझ्या युनूसचं पत्रही मीच टाइप केलं,
जिल्हा परिषद, कनिष्ठ सहायक.
एकही खाडाखोड नाही.
आत नेऊन ठेवलं.
ते कुणाशी तरी फोनवर बोलत होते,
बोलता बोलता हात पुढं केला,
खिशाला दोन पेनं होती.

पाकीट मी स्वतः चिकटवलं.
युनूस हिंगोलीहून आनंदात परतला:
अब्बा, साहेबांनी चहा पाजला.

आता तो भुसारात हमालीचा हिशोब ठेवतो, बरं चाललंय.
गव्हाणीच्या पुलाचे पाचांतले तीन खांब झाले,
त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात.
यंदा एक्केचाळीस मतं कमी पडली.
गव्हाणीत किती पडली ते कुणी विचारलं नाही.

बाहेर ओसरीवर ते एकटेच बसलेत.
रांग नाही, तरी दर गाडीच्या आवाजाला
शर्टाची कॉलर नीट करायलेत.
आतून मी विचारलं, साहेब, कोणत्या पेनानं लिहू?
ऐकू गेलं नसावं.
हिरव्यातली शाई अजून अर्धी आहे.
पहिला कागद पुढं ओढलाय,
सिंहांवर वाटी पालथी ठेवलीय.